साठ मजल्यांखालची जमीन

इतिहासाच्या तासाला दुसऱ्या महायुद्धाचा धडा हिरोशिमा-नागासाकीपाशी येऊन थांबायचा. बॉम्ब पडले, जपान शरण आला, धडा संपला, स्वाध्याय सोडवा. पण एखादं चौकस पोर हात वर करायचंच. "सर, मग तोजोचं काय झालं?" हिटलरने स्वतःला संपवलं आणि मुसोलिनीचं प्रेत मिलानच्या चौकात उलटं टांगलं, हे त्यांना कुठून तरी ठाऊक असायचं. तोजोचं मी एका वाक्यात सांगायचो, टोकियोत खटला झाला आणि फाशी झाली. टोकियोत म्हणजे नेमकी कुठे, हे मात्र तीसेक वर्षांत एकाही विद्यार्थ्याने विचारलं नाही. आज त्या 'कुठे'विषयीच लिहायचं आहे. कारण त्या आवारात आता साठ मजल्यांची इमारत आहे, हॉटेल आहे, मत्स्यालय आहे, आणि शनिवार-रविवारी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

टोकियोच्या वायव्येला इकेबुकुरो नावाचं मोठं स्टेशन आहे. आपल्या दादरची आठवण यावी इतकी गर्दी. पूर्वेच्या दाराने बाहेर पडून दहा मिनिटं चाललं की 'सनशाइन सिटी' लागते. ही एक इमारत नव्हे, चार मोठ्या इमारतींचा एकमेकींत गुंतलेला पसारा आहे. कचेऱ्यांचा मनोरा, त्याचं नाव 'सनशाइन ६०'. शेजारी हॉटेल, दुकानं आणि प्रदर्शनांची इमारत, नाट्यगृह आणि संग्रहालयाची इमारत, आणि या सगळ्यांच्या तळाशी दुकानांच्या गल्ल्याच गल्ल्या. १९७८ साली हे संकुल उघडलं. मनोऱ्याची उंची जवळपास २४० मीटर, तेव्हा आशियातली सर्वांत उंच इमारत. आमच्या डोळ्यांपुढे त्या काळात उंच इमारत म्हणजे नरिमन पॉइंटची एअर इंडियाची, तीही तेवीस मजल्यांची! भूकंपाच्या भीतीने जपानमध्ये १९६३ पर्यंत ३१ मीटरहून उंच बांधायची परवानगीच नव्हती. १९६८ मध्ये कासुमिगासेकीची छत्तीस मजली इमारत झाली आणि पुढच्या दहा वर्षांत हे लोक साठ मजल्यांवर पोचले. इथली लिफ्ट मिनिटाला ६०० मीटर जायची, तेव्हा ती जगात सर्वांत वेगवान होती. पुढे १९९० मध्ये टोकियो महानगर सरकारच्या इमारतीने उंचीत हिला मागे टाकलं.

हे सगळं माहितीपुस्तिकेत मिळतं. जे तिथे सहसा मिळत नाही ते आता सांगतो.

या जागेवर १८९५ पासून तुरुंग होता. सुगामो तुरुंग. (खरं सुगामो इथून लोकलने दोन स्टेशनं पुढे आहे. तिथे आज म्हाताऱ्या बायकांची लाडकी बाजारपेठ आहे. तुरुंग बांधला तेव्हा ही जमीन सुगामो गावाच्या हद्दीत होती म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच.) १९३५ मध्ये मूळ तुरुंग फुचू इथे हलवला आणि १९३७ पासून इथे टोकियोचं कोठडीगृह झालं. कच्चे कैदी आणि फाशीची शिक्षा झालेले कैदी इथे ठेवत. फाशीचा तख्ता आवारातच होता.

जपानवर लष्कराची पकड घट्ट होत गेली तसे इथले कैदीही बदलत गेले. चोर-दरोडेखोरांच्या जोडीला विचारांचे गुन्हेगार येऊ लागले. १९२५ चा 'शांतता रक्षण कायदा' म्हणून एक कायदा होता. नाव शांततेचं आणि काम तोंडं बंद करण्याचं! साम्यवादी, समाजवादी, न झुकणारे धर्मपंथ, सगळ्यांना तो एकच कायदा पुरायचा.

त्यातले दोघे रिखार्ड झोर्गे आणि ओझाकी होत्सुमी. झोर्गे जर्मन पत्रकार म्हणून टोकियोत वावरत होता, प्रत्यक्षात सोव्हिएत रशियाचा हेर. जर्मन वकिलातीत त्याची ऊठबस घरच्यासारखी. ओझाकी हा जपानी पत्रकार, चीनचा जाणकार, पंतप्रधान कोनोएंच्या सल्लागार वर्तुळातला. जपान रशियावर चाल करणार नाही, दक्षिणेकडे वळणार, ही बातमी या मंडळींनी मॉस्कोला पोचवली. ऑक्टोबर १९४१ मध्ये दोघांना पकडलं आणि ७ नोव्हेंबर १९४४ ला सुगामोत फाशी दिलं. तो दिवस रशियन क्रांतीचा वाढदिवस. ओझाकीने कोठडीतून बायकोला आणि मुलीला लिहिलेली पत्रं युद्धानंतर १९४६ मध्ये पुस्तकरूपाने आली आणि हातोहात खपली. ज्याला देशद्रोही म्हणून लटकवलं त्याची घरगुती पत्रं तीच जनता दोन वर्षांत रडत वाचत होती.

आणि तिसरे माकिगुची त्सुनेसाबुरो. शिक्षक म्हटल्यावर माझ्या तोंडून आपोआप 'सर' येतं, तेव्हा माकिगुची सर. जन्म १८७१ चा. शिक्षकीची सुरुवात होक्काइदोत, मग टोकियोतल्या प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक. भूगोलावर त्यांनी १९०३ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्यात डोंगर-नद्यांची नावं पाठ करून घेण्यापेक्षा माणूस आणि त्याची भूमी यांचं नातं समजावून देण्यावर भर होता. शिक्षणाचा हेतू मुलाचं सुख हा, राज्याची सोय नव्हे, असं त्यांचं म्हणणं. १९३० पासून त्यांनी त्यावर ग्रंथमालाच काढली आणि समविचारी शिक्षकांची संघटना उभारली. युद्धकाळात सरकारने घराघरात इसे इथल्या राजदेवतेचा ताईत ठेवायला लावला. यांनी घ्यायला नकार दिला. जुलै १९४३ मध्ये अटक झाली. वय बहात्तर. सुगामोच्या थंड कोठडीत ते कान्ट वाचत होते, असं त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रातून कळतं. १८ नोव्हेंबर १९४४ ला ते तिथेच गेले, कुपोषणाने. झोर्गे आणि ओझाकीला फाशी होऊन अकरा दिवस झाले होते. माझं वय आज त्यांच्या वयाच्या आगेमागेच आहे. पेन्शन वेळेवर येते, सकाळी फिरायला जातो, गुडघ्याची तक्रार करतो. त्या म्हाताऱ्या मास्तरांनी एक ताईत घेऊन खुंटीला अडकवला असता तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती.

एप्रिल १९४५ च्या बॉम्बफेकीत आजूबाजूची वस्ती जळाली, तुरुंग बराचसा शाबूत राहिला. अमेरिकन सैन्य आलं तेव्हा त्यांना तयार तुरुंग मिळाला. वर्षभरापूर्वी ज्यांनी माणसं आत टाकली होती ते आता स्वतः आत आले. मंत्री, सेनापती, राजदूत, उद्योगपती, दलाल. 'सुगामो प्रिझन' या इंग्रजी नावानेच जपानी लोक अजून त्या काळातल्या तुरुंगाला ओळखतात.

मोठ्या माणसांवरचा खटला इचिगाया इथे ३ मे १९४६ ला सुरू झाला आणि निकाल लागला नोव्हेंबर १९४८ मध्ये. कैद्यांना रोज बसमधून नेत-आणत. आरोपी अठ्ठावीस. दोघे मध्येच वारले, एकाला वेडा ठरवून सोडलं. हा वेडा ठरलेला ओकावा शूमेइ आपल्याला थोडा जवळचा, कारण हिंदुस्थानच्या स्वातंत्र्य चळवळीवर त्याने जपानीत लिहिलं होतं आणि आपल्या फरार क्रांतिकारकांना मदतही केली होती. खटल्याच्या पहिल्याच दिवशी त्याने पुढे बसलेल्या तोजोच्या टकलावर चापट मारली. उरलेल्या पंचवीस जणांपैकी सात जणांना फाशी झाली.

२३ डिसेंबर १९४८, मध्यरात्र उलटून एक-दोन मिनिटं. आधी चौघे, मग तिघे. तोजो हिदेकी. नानजिंगच्या कत्तलीच्या वेळचा सेनापती मात्सुई इवाने. दोइहारा, मुतो, इतागाकी. ब्रह्मदेशातल्या जपानी फौजेचा शेवटचा सेनापती किमुरा. त्याच्या फौजेशी आपल्या मराठा पलटणी लढल्या होत्या. आणि हिरोता कोकी, सातांत एकटाच बिनलष्करी, माजी पंतप्रधान. हानायामा शिन्शो नावाचे बौद्ध भिक्षू शेवटपर्यंत त्यांच्यासोबत होते. तारीख युवराज अकिहितोंच्या पंधराव्या वाढदिवसाची होती. पुढे ते सम्राट झाले आणि १९८९ पासून २०१८ पर्यंत २३ डिसेंबर ही जपानमध्ये राष्ट्रीय सुट्टी होती. तारीख मुद्दाम निवडली की योगायोग, यावर तिथे अजून वाद होतात.

या मोठ्या नावांना 'अ' वर्गाचे गुन्हेगार म्हणत. आपल्याला वाटतं अ म्हणजे सर्वांत भयंकर. तसं नाही. अ म्हणजे युद्ध घडवून आणल्याचा आरोप. ब आणि क म्हणजे कैद्यांना मारणं, लोकांचा छळ, कत्तल. योकोहामाच्या लष्करी न्यायालयात या ब-क वर्गाचे खटले चालले आणि त्यांतल्या अनेकांचाही शेवट सुगामोत झाला. यांत क्रूर अधिकारी होते, तसे वरच्याचा हुकूम पाळणारे साधे शिपाईही होते. १९५८ मध्ये जपानी टेलिव्हिजनवर अशाच एका न्हाव्याचं नाटक दाखवलं गेलं. पकडलेल्या अमेरिकन वैमानिकाला संगिनीने भोसक असा त्याला हुकूम होतो, आणि युद्धानंतर सुखाने दाढ्या करत असताना त्याला सुगामोला नेतात. नाटकाचं नाव 'मला शिंपला व्हायचंय'. जपानी माणसाला सुगामो आठवतो तो पुष्कळदा त्या न्हाव्यामुळे.

इथे आपले राधाविनोद पाल आठवल्यावाचून राहत नाहीत. अकरा न्यायाधीशांत ते एकटे असे की ज्यांनी सगळ्याच आरोपींना निर्दोष ठरवलं. हजाराहून अधिक पानांचं त्यांचं निकालपत्र कोर्टात वाचलंही गेलं नाही, आणि जपानमध्ये ते छापलं गेलं १९५२ मध्ये, परकी ताबा उठल्यावर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की युद्ध सुरू करणं हा गुन्हा आधी कायद्यात नव्हता, तो जेत्यांनी नंतर घडवला. मग अणुबॉम्ब टाकणाऱ्यांचं काय? आपल्याकडे पालांचा अभिमान पुष्कळांना आहे, वाचलेलं फारसं कोणी नाही. नानजिंगमध्ये जपानी सैन्याने अत्याचार केले याचा पुरावा त्यांनी मान्यच केला होता. पिंजऱ्यातल्या या माणसांनी ते करवले हे सिद्ध झालं नाही, एवढंच ते म्हणाले. 'जपान निर्दोष' हे वाक्य पालांच्या तोंडी नंतर लोकांनी घातलं. यासुकुनी मंदिरात २००५ मध्ये त्यांचं स्मारकही उभं राहिलं.

आपलंही एक दुखणं आहे. तोजोने नेताजींना हात दिला, अंदमान-निकोबार आझाद हिंद सरकारला देण्याची घोषणा केली, म्हणून आपल्या मनात त्याच्याविषयी एक मऊ कोपरा असतो. पण त्याच अंदमानात, होम्फ्रेगंज इथे, ३० जानेवारी १९४४ रोजी जपान्यांनी चव्वेचाळीस हिंदी माणसांना हेर ठरवून गोळ्या घातल्या. त्यांतले बहुतेक स्वातंत्र्य संघाचेच लोक होते. हे मी वर्गात दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी वर्ग गप्प व्हायचा.

सातांना फाशी झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ डिसेंबरला, सुगामोचं दार उघडलं आणि खटला न चालवलेले काही अ वर्गाचे संशयित बाहेर पडले. त्यांत किशी नोबुसुके होता. तोजोच्या मंत्रिमंडळातला उद्योगमंत्री. फेब्रुवारी १९५७ मध्ये तो पंतप्रधान झाला! त्याच मे महिन्यात तो दिल्लीत आला, नेहरूंनी स्वागत केलं, आणि १९५८ मध्ये जपानने पहिलंवहिलं येन-कर्ज दिलं ते भारताला. सुगामोतले शेवटचे युद्धकैदी सुटले तेही १९५८ मध्येच, म्हणजे तिथला एक जुना कैदी पंतप्रधान असताना. त्याचा नातू शिंझो आबे २००७ मध्ये कोलकात्यात येऊन पालांच्या मुलाला भेटून गेला. इतिहासाचे धागे असे असतात, पाठ्यपुस्तकात त्यांना जागा मिळत नाही.

कैदी गेले, तुरुंग पुन्हा कोठडीगृह झाला. तोवर इकेबुकुरो मोठं झालं होतं आणि स्टेशनापासून दहा मिनिटांवर तुरुंगाची भिंत कोणालाच नको होती. १९६६ मध्ये पुनर्विकासासाठी कंपनी स्थापन झाली, १९७१ मध्ये कोठडीगृह कोसुगेला गेलं, इमारती पाडल्या, १९७३ मध्ये बांधकाम सुरू झालं. आणि तुरुंगाच्या जागेला नाव दिलं सूर्यप्रकाश! यात धंदा होता हे उघड आहे. पण नुसता धंदा होता असं मला वाटत नाही. हरलेल्या माणसाला ती जागा डोळ्यांसमोर नको असते.

२०२४ च्या मार्चमध्ये लेकीकडे गेलो होतो तेव्हा नातीच्या हट्टापायी मी तिथे पोचलो. मत्स्यालय दहाव्या मजल्याच्या गच्चीवर आहे. पेंग्विन डोक्यावरच्या काचेच्या टाकीत पोहतात आणि मागे आभाळ आणि इमारती दिसतात, त्यामुळे ते शहरावरून उडताहेत असं वाटतं. नात हरखून गेली, खरं सांगायचं तर मीही. मग साठाव्या मजल्यावर गेलो. तिथे आता हिरवळ अंथरलेली बाग केली आहे, लोक लोळत पडले होते. जावयांना विचारलं, इथे तुरुंग होता त्याची काही खूण? ते म्हणाले, "बाबा, पाच वर्षं इथे येतोय, मला ठाऊकच नाही."

खूण आहे. मनोऱ्याला लागून एक लहानसं सार्वजनिक उद्यान आहे. बाकांवर दुपारची पेंग घेणारी माणसं, दोन-तीन धष्टपुष्ट मांजरं, आणि कार्टूनमधल्या पात्रांचे पोशाख घालून फोटो काढणारी तरुण पोरं. कोपऱ्यात झाडीखाली एक दगड. पुढे कोरलं आहे, चिरंतन शांततेची इच्छा धरून. मागे बारीक अक्षरांत मजकूर आहे, तो लेकीने वाचून दाखवला. त्याचा आशय असा, की इचिगायाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने दिलेल्या शिक्षा आणि दोस्तांच्या इतर युद्धगुन्हे न्यायालयांनी दिलेल्या काही शिक्षा या जागी अमलात आल्या, युद्धाची शोकांतिका पुन्हा घडू नये म्हणून हा दगड. जून १९८०. कोणाला शिक्षा, कशाबद्दल, एक अक्षर नाही. फुलांचा एक ताजा गुच्छ होता.

मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. फुलांबद्दल माझी तक्रार नाही, फासावर गेलेल्यालाही लेकरंबाळं असतात. मला खटकलं ते वेगळंच. त्या मजकुराचा काळ 'युद्धानंतर' या शब्दापासून सुरू होतो. म्हणजे परक्यांनी जे केलं ते दगडावर आलं, आणि त्याच भिंतींच्या आत जपानने जपानच्याच माणसांचं जे केलं ते आलं नाही. माकिगुची सर नाहीत, ओझाकी नाही. युद्ध नको म्हणणारे आणि युद्ध करणारे, दोघांनी एकाच आवारात जीव सोडला, आणि दगड फक्त दुसऱ्यांचा आहे. निदान "युद्धापूर्वी आणि युद्धकाळातही" एवढे शब्द तरी कोरायला जागा होती. मी लेकीला हे म्हटलं तर ती हसून म्हणाली, "बाबा, तुम्ही दगडाचाही पेपर तपासताय."

पुढच्या रविवारी आम्ही दोघंच झोशिगायाच्या दफनभूमीत गेलो. सनशाइनपासून चालत जाण्याइतकीच लांब आहे. मोठमोठी झाडं, लहान लहान गल्ल्या, आणि कुठूनही मान वर केली की तो मनोरा दिसतो. कादंबरीकार सोसेकी इथे आहेत, जपानच्या भुतांच्या गोष्टी जगाला सांगणारे लाफकाडिओ हर्न इथे आहेत. आणि तोजोची कबरही इथेच. पण राख? सातही जणांचं दहन योकोहामात झालं आणि अस्थी कुटुंबांना दिल्या नाहीत. कबरीचं देवस्थान होईल ही भीती. त्या कुठे गेल्या हे अनेक दशकं गूढ होतं. एका वकिलाने आणि एका भिक्षूने स्मशानातली उरलीसुरली राख गुपचूप गोळा करून आतामीच्या मंदिरात लपवली होती, तेवढंच माहीत होतं. २०२१ मध्ये अमेरिकन लष्कराचे जुने कागद उजेडात आले तेव्हा कळलं, की एका मेजरने विमानातून योकोहामाच्या पूर्वेला सुमारे तीस मैलांवर ती राख समुद्रात विखुरली होती.

याच झोशिगायात बेवारस कैद्यांना पुरायची जागाही होती आणि झोर्गेला तिथेच पुरलं होतं. इशिई हानाको नावाची एक जपानी बाई त्याच्यासोबत राहत असे. तिला फाशीची बातमी युद्ध संपल्यावर कळली. तिने चौकशा करकरून १९४९ मध्ये ती जागा शोधली आणि खणायला लावली. हाडं परदेशी माणसाची असावीत इतकी मोठी होती. पहिल्या महायुद्धात मोडलेल्या पायाची खूण होती, आणि दातांत सोनं. तिने त्या अस्थी तामाच्या दफनभूमीत नेऊन ठेवल्या आणि दातांच्या सोन्याची अंगठी करून बोटात घातली. ती २००० सालापर्यंत जगली.